मुक्या विनोदी फिल्मचे आठ डबे

चामोर्शीचं ते प्रकरण मी आजही विसरलेले नाही. त्यात मी ठाणं जाळलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पोलिसात मी नवीन होते. इस्त्री कडक, अक्कल बेताची. जत्रेतल्या तंबू-सिनेमाच्या मालकाने फिर्याद दिली की जुन्या मूक विनोदी फिल्मचे आठ डबे चोरीस गेले. ती फिल्म आता कोणी पाहत नव्हतं. जुन्या फिल्मच्या सेल्युलॉइडच्या बांगड्या बनत, म्हणून मालक ती कारखान्याला वितळवायला देणार होता.

खबर एका शेजारणीने दिली. "बाई, बाजूच्या पेटीमास्तरनं तीन दिवसांपासून चूल नाई पेटवली. आमच्याच घरी जेवून राह्यला." मूकपटाच्या काळात हा म्हातारा पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा. मी डायरीत नोंद केली: 'इसम आळशी.'

तरी जुन्या मूकपटांशी संबंध असलेला गावात तोच, म्हणून झडती घेतली, तर डबे त्याच्या बाजेखाली निघाले. पंचनामा करून ठाण्यात आणले. बाकी सगळे जत्रेच्या बंदोबस्तावर. मुद्देमालाच्या खोलीला खिडकी नव्हती, कोपऱ्यात रॉकेलचं पिंप.

"मास्तर, खरं बोला."

"कोणीतरी ठेवून गेला, बाई. आत काय हाय, मले नाई ठाऊक."

"मग बघूच." मी डबा उघडला, फितीचं टोक ओढलं. अंधारात चित्र दिसेना, म्हणून काडी पेटवली.

म्हातारा झेपावला. जळती काडी त्याने मुठीत चिरडली. "हलू नका. हे बारूदासारखं पेटते. पाण्यानंबी विझत नाई."

ठिणगी कुठे पडली का, ते आम्ही दोघं उभ्या जागीच बघत राहिलो.

त्याने तीन दिवस चूल का पेटवली नाही, ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हणाले, "ठाऊक नव्हतं ना?"

तो खाली बसला. "मालकाले मांगितली, त्यानं नाई देल्ली. दुसरीकडं कुठी उरली नाई, बाई. लोक इतके हासत का मलेच माह्या पेटीचा आवाज येत नव्हता. ते कसं वितळू देऊ?"

ठाणेदार परतले आणि खूश झाले. "काय डाव टाकला पोरीने, काडी दाखवून कबुली." मी दोन दिवस ती शाबासकी मिरवली. मास्तर कोठडीत फोडांनी भरलेला तळहात फुंकत होता. अखेर मी माझा आधीचा अहवाल फाडून नवा लिहिला. पहिलीच ओळ, 'काडी मी मूर्खपणाने ओढली, आरोपीने ठाणे वाचवले.'

मला आठवडाभर जादा कवायत मिळाली. मास्तरला कोर्टाने समज देऊन सोडलं. फिल्म मात्र मालकाकडे गेली आणि वितळली. तिला मी वाचवू शकले नाही.

पुढे अधिकारी झाल्यावरही प्रत्येक अहवालात आधी माझी चूक लिहीत गेले. वरिष्ठ चिडत, पण माझे आरोपी माझ्याशी खोटं जरा कमी बोलत.