पहिली फुगडी कोणाची

शुभदाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बाटल्यांची झाकणं वेगळी काढत होते. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचा कचरा न्यायचा वार होता. फोन लागोपाठ दोनदा वाजला. ‘सोनचाफा’ या आमच्या मंगळागौरीच्या गटाच्या ग्रुपवर होतं, ‘आमच्या संस्थापिका शुभदाताई...’ आणि दुसऱ्या गटाच्या, ‘बकुळ’च्या ग्रुपवर, ‘आमच्या आद्य गुरू शुभदाताई...’ मी सोनचाफ्याची, पण दोन्हीकडचे निरोप पोचवायचं काम माझ्याकडे, म्हणून मला दोन्ही वाचावे लागले. ताईंना जाऊन तीन तासही झाले नव्हते आणि त्या कोणाच्या, यावर हक्क सांगून झाला होता. या लेखात मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगते.

यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी ताई पुण्याहून जपानात उरायासुला आल्या, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. सकाळी कोम्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभ्या राहायच्या आणि श्रावणातल्या मंगळवारी आमच्यासारख्या नव्यानं आलेल्या बायकांना घरी बोलवून मंगळागौरीचे खेळ शिकवायच्या. झिम्मा, पिंगा, फुगडी, सगळं त्या दहा बाय बाराच्या खोलीत, एका जाड निळ्या चटईवर. नोकरी नाही, भाषा येत नाही, नवरा रात्री दहाला घरी... त्या खोलीनं आम्हाला वेड लागण्यापासून वाचवलं. मला तर नक्कीच.

मग आमचं नाव झालं, हॉल मिळाले, आणि आम्ही शेफारलो. दोन गट पडले. सोनचाफ्याच्या साड्या हिरव्या, बकुळच्या राणी रंगाच्या. आम्ही म्हणायचो, ताईंच्या घरी सगळ्यांत आधी आम्ही जमलो. त्या म्हणायच्या, स्टेजवर सगळ्यांत आधी आम्ही उतरलो. कार्यक्रमात पहिला पिंगा कोणाचा, यावरून एका वर्षी दोन्ही गट नटूनथटून पडद्यामागे अडून बसले आणि समोर जपानी पाहुणे शांतपणे चहा पीत राहिले. ऑफिसात सेन्पाईला, म्हणजे आपल्याआधी लागलेल्याला, वाकून वाकून आमचे नवरे कंटाळलेले, आणि आम्ही फुगडीत सेन्पाई शोधत होतो.

ताईंना दोन्हीकडून एकच विचारणा व्हायची: तुम्हीच सांगा, पहिल्या कोण? त्या नुसत्या हसायच्या. मग दोन्हीकडून बोलावणीच कमी झाली. एका वर्षी त्या कार्यक्रमाला साध्या निळ्या साडीत आल्या, तर दारावरच्या मुलीनं विचारलं, “तुम्ही कुठल्या गटाच्या?” मी चार पावलांवर हिरव्या साडीत उभी होते. मी काही बोलले नाही. त्याचा राग आजही स्वतःवर येतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आजार पोटात सगळीकडे पसरल्याचं कळलं. मी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मधुरा, या श्रावणात सगळ्यांनी एकदा एका रिंगणात खेळा. मला बघायचंय. एवढंच कर.”

“करते, ताई. तुम्ही काळजी करू नका,” मी म्हणाले.

नाही करू शकले. दोन आठवडे मी निरोप नेत-आणत राहिले. रिंगण एक करायला कोणाचीच ना नव्हती, पण गाणं कोणी उचलायचं? आमच्या म्हणायच्या, ताईंच्या घरी आधी आम्ही, म्हणून आम्ही. त्या म्हणायच्या, स्टेजवर आधी आम्ही, म्हणून आम्ही. दोघींनी मिळून उचला, असं खडसावून सांगायचं सोडून मी, बघू, विचारते, असं म्हणत बसले. श्रावणातले चारही मंगळवार गेले. भाद्रपदात ताई गेल्या.

आणि शोकसभा? दोन झाल्या. एकाच रविवारी, एकाच इमारतीत, एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक तिसऱ्या. काका अर्धा तास वर बसले, अर्धा तास खाली. जिन्यात मला म्हणाले, “ती असती तर जिन्यातच बसली असती.”

पुढच्या आठवड्यात दोन्ही गटांनी ती निळी चटई मागितली, आपापल्या वर्धापनदिनाला मांडायला. काकांनी मला घराची किल्ली दिली. मी चटई गुंडाळत होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मुराता-सान वर आल्या. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या बाई. चटईवर हात ठेवून म्हणाल्या, ही मीच आणून दिली होती. ताई नव्या होत्या तेव्हा एका मंगळवारी वरून धपधप ऐकू आलं, म्हणून मुराता-सान तक्रार करायला वर आल्या. दार उघडलं तर ताई हातात सूप घेऊन एकट्याच नाचत होत्या. ताईंना सांगता येईना आणि मुराता-सानना समजेना. मग ताईंनी सूप ठेवलं आणि फुगडीसाठी हातांची अढी घालून पुढे केली. मुराता-साननी चपला काढल्या... दुसऱ्या दिवशी आवाज कमी व्हावा म्हणून त्या चटई घेऊन आल्या, आणि त्यानंतर दर मंगळवारी यायला लागल्या. आमच्यापैकी कोणी उगवायच्या वर्षभर आधी. आम्ही जमायला लागलो तशी खोलीत जागा पुरेना, म्हणून त्या यायच्या थांबल्या.

इतकी वर्षं आम्ही पहिल्या कोण म्हणून भांडलो. पहिली बाई खालच्या मजल्यावर राहत होती. ताईंनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

चटई आता मुराता-सानकडे आहे. मध्यभागी ताटाएवढा गोल झिजलाय, फुगडीत पायाला पाय लावून उभं राहतात तिथे. मंगळवारी मी जाते. चहा होतो, मग त्या उठून अढी पुढे करतात आणि आम्ही गुडघे सांभाळत दोन गिरक्या घेतो. ज्यांना चटई हवी आहे त्यांनी खुशाल यावं. फक्त एक हिरव्या साडीतली आणि एक राणी रंगातली, अशा दोघींनी मिळून यावं, त्या गोलात पायाला पाय लावावेत आणि एकमेकींचे हात घट्ट धरावेत. ताईंनी एवढंच मागितलं होतं.