रिकाम्या खुर्चीचं वजन

खुर्ची ओढायची नसते, उचलायची असते. ओढली की फरशीवर कर्रकन आवाज होतो आणि तो पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. दोन्ही बाजूंच्या दांड्यांखाली पंजे घालायचे, गुडघे वाकवायचे, कंबर सरळ ठेवायची. जमिनीपासून सुटेल इतकीच वर, मग मागे, मग खाली. माणूस बसायला लागला की आवाज न करता पुढे. ज्याला सगळं कोर्ट मामा म्हणायचं, त्याने मुख्य न्यायाधीशांच्या खुर्चीमागे उभं राहून अर्धं आयुष्य हेच केलं. त्याआधी तो दफ्तरात कागदांचे गठ्ठे वाहायचा. खांदे तिथेच तयार झाले होते.

खुर्ची जाड लाकडाची, अंगाने भक्कम. नवीन माणसाला ती एका झटक्यात हलायची नाही.

जुन्या साहेबांचा डावा गुडघा वाकत नसे. म्हणून मामा खुर्ची जरा जास्त मागे घ्यायचा, किंचित डावीकडे वळवायचा आणि थांबायचा. साहेब टेबलाची कड धरून उभे राहत. आत गुडघा कट्कन वाजला की मामा खुर्ची पुढे सारायचा. मुख्य न्यायाधीश बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही असा रिवाज, त्यामुळे तेवढा वेळ सगळं सभागृह उभं. त्या वेळात साहेब मागच्या रांगांकडे बघत. वकिलांना वाटे, काय हा रुबाब! एक-दोन तरुण वकील तर तसेच सावकाश बसायला लागले होते. दुखणं कुणाला माहीत नव्हतं. मामाला होतं, कारण मलमाचा वास त्याच्याच नाकात जायचा.

मामाला एक मोठी बहीण होती, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा तुरुंगात होता. गोदामाला आग लागली, आत अडकून पहारेकरी मेला, आणि शेवटचं कुलूप लावणारा हाच. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. वर अपील आलं ते दोन न्यायाधीशांपुढे. एक म्हणाले, पुरावा अपुरा आहे, सोडा. दुसरे म्हणाले, पुरेसा आहे, ठेवा. झालं, तराजू मध्येच अडकला. आता तिसऱ्याने ऐकायचं. आणि तो तिसरा कोण, हे मुख्य न्यायाधीशांनी ठरवायचं.

"म्हणजे तुझ्या साहेबांनी एक सही केली की झालं," बहीण म्हणाली. ती भांडी घासत होती आणि प्रत्येक वाक्याला एक भांडं आदळत होती.

"सुटका नाही होणार, ताई. फक्त तिसरा माणूस बसेल."

"बसू दे की! दोन वर्षं होत आली. त्यांना काय खुर्च्या कमी पडल्यात?"

"साहेबांपुढे कामं थोडी आहेत का?"

"तू त्यांच्या मानेमागे उभा असतोस ना? वाक आणि सांग कानात. तोंडाला काय कुलूप आहे?"

"आहेच," मामा म्हणाला. "कुलूप आहे म्हणूनच तिथे उभं करतात."

"मग कसला रे तू मामा? जगाचा मामा, आणि माझ्या पोराचा कोण?"

तो मुलगा आपला भाचा आहे हे मामाने कोर्टात कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर खुर्चीमागून हलवलं असतं, हे एक. आणि दुसरं, त्याला वाटे, साहेबांची नजर जाते मागच्या रांगांवर. जाईल एक दिवस. बहीण अधूनमधून येऊन तिथे उभी राहायची.

पण तो दिवस यायच्या आत, सुट्टीत, घरी जेवता जेवता साहेब गेले.

त्या कोर्टाची एक जुनी रीत होती. मुख्य न्यायाधीश पदावर असताना गेले, तर नवीन माणसाची शपथ होईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवायची. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांनी रोजचं काम चालवायचं, पण आपल्याच खुर्चीत बसून. तिसरा न्यायाधीश नेमण्यासारखी कामं थांबायची. आणि रोज सकाळी, सगळे उभे असताना, रिकामी खुर्ची मागे घ्यायची, थांबायचं आणि पुढे सारायची. जणू कुणी बसलं. मगच बाकीच्यांनी बसायचं.

पहिल्या सकाळी मामाने खुर्ची उचलली, मागे घेतली, डावीकडे वळवली. थांबला. मग पुढे सारायला गेला तर ती हलेना.

त्याला वाटलं, पाय अडकला असेल. खाली बघितलं. पायाशी काही नव्हतं. त्याने पाठीत जोर न आणता मांड्यांतून रेटा दिला. खुर्ची सरकली, पण रिकामी सरकते तशी नाही. साहेब बसलेले असताना जेवढं लागायचं तेवढंच बळ लागलं. मामाला रिकाम्या आणि भरल्या खुर्चीतला फरक झोपेतही कळला असता.

आणि त्याच्या नाकात मलमाचा वास आला.

तो कुणाला बोलला नाही. बोलणार काय? म्हातारा झाला, हात थकले, असंच म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम खुर्ची कमी मागे घेतली, सरळ ठेवली, थांबला नाही. तेव्हा ती जागची तसूभरही हलली नाही. सभागृह ताटकळत उभं. शेवटी त्याने ती पुन्हा मागे घेतली, डावीकडे वळवली, वाट पाहिली. कट्. अगदी बारीक आवाज. मग सरकली.

घरी तो हातांना तेल लावत बसला. बहिणीने विचारलं, "काय रे, आता तर खुर्ची रिकामीच आहे. दमायला काय झालं?"

"रिकामी असती तर दमलो नसतो," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि, पहिल्यांदाच, भांडं न आदळता तिने खाली ठेवलं.

पुढे त्याने वादच सोडला. रोज साहेबांना बसवायचं आणि रोज मनात म्हणायचं, साहेब, आता उठा. तुम्ही उठल्याशिवाय तिसरा बसत नाही.

नव्या मुख्य न्यायाधीश झाल्या त्या इतके दिवस काम चालवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीश बाईच. ठेंगण्या, चपळ, फटकन बसणाऱ्या. मामाने दफ्तरातल्या एका खुर्चीवर सराव केला होता. कमी मागे, सरळ, लगेच पुढे. पहिल्या सकाळी मॅडम मंचावर आल्या. मामाने पंजे घातले आणि हातांनी ऐकलं नाही. खुर्ची जास्त मागे गेली, डावीकडे वळली आणि थांबली.

मॅडम बसायला वाकल्या, मागे काही लागलं नाही, टेबलाची कड धरून सावरल्या आणि उभ्या राहिल्या. सगळं सभागृह उभं. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी समोर पाहिलं, मग मागे, अगदी शेवटच्या रांगेकडे. तिथे एक म्हातारी भिंत धरून उभी होती.

कट्, असं मामाला ऐकू आलं. त्याने खुर्ची सारली. हलकी होती. पिसासारखी.

जेवणाच्या सुट्टीत बोलावणं आलं.

"मामा, मी पडले असते."

"चुकलं, मॅडम. हाताला साहेबांची सवय. गुडघा वाकत नसे त्यांचा."

"आणि आम्ही त्याला रुबाब म्हणायचो! त्या वेळात ते काय करायचे?"

"मागे बघायचे. कोण येतंय, किती दिवस येतंय."

"आज मीही बघितलं. भिंत धरून उभ्या होत्या त्या कोण, माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नाही म्हणणं सोपं होतं. त्याला वाटलं, खांद्यामागे कुणीतरी टेबलाची कड धरून वाट बघतंय.

"माझी बहीण," तो म्हणाला, आणि प्रकरण कुठलं तेही सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे उद्यापासून तुम्हाला माझ्यामागे उभं राहता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"ज्यांची खोळंबलेली कामं आहेत, त्या सगळ्यांना आज तिसरा न्यायाधीश मिळेल. ज्येष्ठतेने ज्याचा क्रम लागेल तो. तुमच्या भाच्यासाठी मी माणूस निवडणार नाही, आणि त्या माणसाशी एक शब्द बोलणार नाही. तो कदाचित ठेवा असंही म्हणेल. माझं मत इथे कुणापेक्षा जड नाही, मामा. मला फक्त कोण ऐकणार हे सांगता येतं."

"तेवढ्यासाठीच थांबलो होतो," मामा म्हणाला. कोण थांबलं होतं हे त्याने सांगितलं नाही.

तो पुन्हा दफ्तरात गेला, गठ्ठे वाहायला. त्या प्रकरणाचा गठ्ठा मात्र त्याच्याकडे कधी दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या न्यायाधीशांनी ऐकायला वेळ घेतला. मग म्हणाले, सोडा.

भाचा घरी आला तेव्हा दारातून आत येऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"अरे बस की," बहीण म्हणाली. तो बसेना. कुणी हुकूम दिल्याशिवाय बसायची सवय मोडली होती त्याची. बहीण तोंडाला पदर लावून चुलीकडे वळली.

मामा उठला. घरातली साधी लोखंडी खुर्ची, एका हाताने उचलेल अशी. त्याने दोन्ही पंजे घातले, गुडघे वाकवले, मागे घेतली, डावीकडे वळवली आणि थांबला. भाचा मागच्या भिंतीकडे बघत राहिला. मामाही वाट पाहत राहिला.

कट्, आवाज झाला.

"मामा, तुझा गुडघा वाजला," भाचा म्हणाला आणि बसला.

मामाचा गुडघा वाजला नव्हता. त्याने खुर्ची पुढे सारली. चांगलीच जड होती.