विहिरीवरची आठवी आसरा

माझी आई मला टाकून कुणाबरोबर तरी निघून गेली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. नातेपुत्याला आत्यानं मला वाढवलं. चौथीपर्यंत शाळा तिथंच झाली, लग्नही तिथंच. देवापुढं रोज दिवा लावायचे, पण मनात एकच असायचं. आईनंच नको म्हटलेलं लेकरू तुला तरी कशाला हवं असेल?

यंदा दिवाळीनंतर मंगळवेढ्याजवळच्या आमच्या वस्तीवरून तात्यांचा, माझ्या चुलत्यांचा, फोन आला. आमची विहीर नव्या रस्त्यात जाणार होती. "बुजवायच्या आदी आसरांची ओटी भरून जा. लेकीचा मान हाय त्यो." वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाऊ नये असंच वाटत होतं. तरी खण, नारळ पिशवीत भरले आणि एसटीत बसले.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. विहिरीच्या काठावर त्यांचे शेंदूर लावलेले दगड असतात. मी सात खण ठेवले आणि एक दगड उरला. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. आठच होते.

शेजारी एक म्हातारी धनगरीण मेंढरांना पाणी पाजत होती. ती हसून म्हणाली, "सात जणींला वाढतीस आन् आठवीला उपाशी ठिवतीस व्हय गं?"

"आजी, आसरा सातच असतात की."

"सात देवाच्या. आठवी ह्या घरची सून. तू कुणाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "आगं, तीच की तू!"

मग तिनं सांगितलं. मी नुकती चालायला लागले होते. खेळता खेळता विहिरीत पडले. आईला पोहता येत नव्हतं, तरी तिनं उडी टाकली. "नाकातोंडात पानी, पर तुला दोनी हातांनी वर धरली हुती. मी घोंगडं खाली सोडलं, तिनं तुला त्यात घातली. तुला वर घेतली. परत घोंगडं सोडलं, तर धरायला कोन न्हवतं."

मागं तात्या येऊन उभे होते. ते रडत होते. "दादानं, तुज्या बापानं, शपथ घातली हुती. लोक पोरीला आईखाऊ म्हनतील, त्यापरीस आई पळून गेली म्हना, म्हनला. ह्यो दगड त्यानंच मांडलाय."

म्हातारीचं बिऱ्हाड आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन दूर जायचं होतं. एक मेंढी व्याली म्हणून ते थांबलं होतं. म्हातारीला कुणी थांबवलं, हे मला सांगता येत नाही. मी हातातल्या दोन बांगड्या काढून आठव्या दगडापुढं ठेवल्या आणि डोकं टेकवलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी 'आई' म्हणून हाक मारली.

देवावर भार टाकावा असं कीर्तनात ऐकायचे, पण तो कसा टाकायचा ते कळत नव्हतं. आता दिवा लावताना पाण्यावर उचलून धरलेलं ते लेकरू डोळ्यांपुढं येतं. त्याला कशाचीच खबर नव्हती. खालून कोण धरतंय, हेही त्यानं पाहिलं नव्हतं.