बदामाच्या पाकिटातल्या लाल गोळ्या

गेल्या शुक्रवारी सावंत काकूंना आणायला आम्ही एअरपोर्टवर गेलो होतो. विमान वेळेवर उतरलं, त्यातले सगळे बाहेर आले... काकू काही येईनात.

काकू म्हणजे इथे आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या नीलेशची आई, मूळच्या मालवणच्या. अमेरिकेत लेकीचं बाळंतपण उरकून इथे मुलाकडे येत होत्या. माझा दादा लेकीच्याच गावात राहतो, म्हणून त्याने त्यांच्यासोबत आमच्यासाठी बदाम पाठवले होते. कुणी येतंय म्हटलं की त्याच्या बॅगेवर आपल्या सगळ्यांचाच हक्क असतो ना...

दादाला रिटायर झाल्यापासून भलतंच वेड लागलंय. गॅरेजमध्ये शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततो, त्यांना पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची पूड ओव्हनमध्ये भाजून चढवतो, आणि दारू भरून काडतुसं घरीच तयार करतो. तिकडे चालतं म्हणे हे सगळं.

मध्यंतरी त्याच्या डोक्यात किडा वळवळला... हे कोटिंग आणि आतली दारू वर्षभर एकमेकांना लागून राहिली तर काही बिघडेल का? माझा नवरा मंदार इथे पावडर कोटिंगच्या फॅक्टरीत सुपरवायझर. मग काय, व्हिडिओ कॉल!

मंदारने भरपूर लेक्चर दिलं. कोटिंग ओव्हनमध्ये नीट भाजलेलं असेल तर सहसा त्रास नाही, कच्चं राहिलं तर मऊ पडून दारूचे दाणे त्याला चिकटू शकतात. दारूचं मात्र ती बनवणाऱ्यांनाच विचारा, असंही सांगितलं. आणि शेवटी ऐटीत, "तुमच्या गोळ्या इथे असत्या ना दादा, तर सॉल्व्हंटचं फडकं घासून कोटिंग पक्कं की कच्चं ते मिनिटात सांगितलं असतं!"

बोलायची एक पद्धत असते हो... दादाने ते खरंच धरलं. बदामाच्या पाकिटात मूठभर लाल गोळ्या घातल्या आणि मोकळा झाला. दारू नाही, काडतूस नाही, नुसतं रंगवलेलं शिसं, त्यात काय... आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही.

कस्टम्सच्या मशीनमध्ये त्या दिसल्या. नीलेशला आत बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचा व्हिसा, नोकरी, मुलांची शाळा... सगळं त्या एका पाकिटावर येऊन ठेपलं होतं.

आत काकू एकच सांगत होत्या, "सायबा, ह्यां जाळ्याक लावतत तां शिसा." कोळीवाड्याजवळ आयुष्य गेलेलं, त्यांना शिसं म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचं वजन एवढंच माहीत. त्यांची झडती घेतली, हात वर करायला लावले. हे सगळं नीलेशने नंतर सांगितलं.

शेवटी मंदार स्वतः आत गेला. आपलं कार्ड पुढे केलं, पाकीट माझ्यासाठी होतं असं लिहून दिलं, दादाला फोन लावून दिला. ऑफिसर भला निघाला. पाकीट जप्त केलं, सगळ्यांना कडक समज दिली आणि म्हणाला, "खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा आता. सुटलो.

घरी आल्यावर दादाचा फोन. सुटलात ना, हे विचारून झालं आणि पाठोपाठ, "मंदारला घासून बघायला मिळालं का गं?" मी फोन कट केला. सख्खा भाऊ आहे, पण अजून त्याच्याशी बोलावंसं वाटत नाहीये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंची माफी मागायला गेलो. काय काय बोलायचं ते मनाशी ठरवून गेले होते. त्यांनी चहा केला, माझा हात हातात घेतला आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"माका नीट सांगूक येवक नाय गो बाय... तुमचे बदाम पण गेले."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या ना, तर मी त्यांचे आभार मानले असते.