नवस फेडल्यानंतरची गोळी

वाचन माणसाला अंधश्रद्धेपासून वाचवतं, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे.

माझी थोरली बहीण गंगापूरला दिलेली. तिची थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, अर्ध्या तासानं चहा. गोळीपेक्षा तो अर्धा तासच तिला जड जायचा. गोळी सुटावी म्हणून तिनं खुलताबादच्या मारुतीला नवस बोलला: ग्रंथी बरी झाली तर शहरातून अनवाणी चालत येईन. मी यथेच्छ हसलो.

श्रावणात ती तपासणीसाठी शहरात आमच्याकडं आली. लॅबमध्ये फॉर्म मी भरला. घरातले सगळे फॉर्म मीच भरायचो. संध्याकाळी रिपोर्ट आला. चष्मा पुसून मी तो दोनदा वाचला आणि जाहीर केलं, "आक्का, नॉर्मल. बरी झालीस तू." डॉक्टरांना दाखवायचं राहिलं. चांगल्या बातमीवर दुसरं मत कोण घेतं?

शनिवारी ती घाट चढून खुलताबादला गेली. पाण्याची बाटली घेऊन मी मागून रिक्षात. दुसऱ्या दिवशी पायांचे फोड कुरवाळत तिनं उठल्याउठल्या चहा मागितला.

"आणि गोळी?"

"नवस फेडल्यावर गोळी? म्हंजे देवाकडं पावती मागितल्यासारखंच की रं. तूच म्हन्लास ना, बरी झाले?"

"व्हय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा देवाचं आणि माझं एकमत झालं होतं.

पुढच्या वैशाखात गंगापूरला गेलो तर ती शाल पांघरून बसलेली. चेहरा सुजलेला, आवाज जाडसर. बोलता बोलता डोळे मिटायची. "लई थंडी वाजती," म्हणाली. "वय झालं की आता," दाजी म्हणाले. मलाही ते पटलं.

पौषात तिला शहरात आणली तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधी बंद केली? मी सांगितलं. ते चिडले नाहीत. शरीरच आपल्या ग्रंथीला परकी समजून पोखरत राहतं, म्हणाले. क्वचित एखाद्याची ग्रंथी पुन्हा चालू लागते, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली तपासून बघायचं असतं. "यांची चालू झालीच नव्हती. आकडा चांगला आला तो गोळीमुळं."

चौथ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर कागद आवरताना तो रिपोर्ट हाती लागला. मागं लॅबचा फॉर्म टाचलेला होता. त्यात 'चालू औषधे' असा एक रकाना आहे. त्यात गोळीचं नाव लिहिलं आहे, माझ्या अक्षरात. स्पेलिंग बरोबर आहे.