बरं हाय

अक्का,

भूमच्या स्टँडवर अण्णा मला गाडीत बसवून द्यायला आले तेव्हा धुतलेल्या सदऱ्याच्या खांद्यावरही खडीची धूळ होतीच. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेले, ते पुढं फोडतच राहिले. गाडी हलली तसे म्हणाले, "जा. मागं बघू नको." मी बघितलं. तेही बघतच होते.

बंगळुरात मला काम मिळालं उंदरांच्या कानांचं. हसू नको. गुंगी दिलेल्या उंदराला कमी-जास्त होत थरथरणारा आवाज ऐकवायचा आणि त्याच्या मेंदूतली कुठली पेशी त्या थरथरीला साथ देते ते पडद्यावर बघायचं. सुट्टीत अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्या कणगीतले उंदीर कमी पडले व्हय?" मग जरा विचार करून म्हणाले, "आमीबी तेच करतो की. दगड वाजवला की चीर कुठं हाय ते कळतं." माझ्या साहेबांपेक्षा त्यांना ते लवकर समजलं.

कानाजवळच्या पेशी लई जलद थरथरीलाही ठोक्याला ठोका देतात. आवाज मेंदूत वर वर जातो तसं ते सुटत जातं. अगदी वरच्या पेशी सावकाश चढउतारांनाच तशी साथ देतात. हे किती उंदरांत मोजलं, आता आठवतही नाही.

आणि दूध सोसायटीच्या फोनवरून अण्णा बोलले तेव्हा मी काय ऐकलं? "बरं हाय. तू तुझं काम कर." मी खुशाल फोन ठेवला आणि कामाला लागले. आठ दिवसांनी तुझी तार आली. कुर्डुवाडीला उतरून एसटी धरून पोचले, तोवर माती झाली होती. फोनच्या वेळी तू त्यांच्या शेजारी उभी होतीस. तू एवढंच विचारलंस, "इतका दम लागला होता त्यांना, तुला आवाजातबी कळलं न्हाय?"

लाइन खराब होती, असं मी लोकांना सांगते. लाइन चांगली होती, अक्का.

मी थकले आता. गावातल्या अण्णांच्या दोन खोल्यांना कुलूप आहे, आणि इथलं घर काही घर वाटत नाही. सोसायटीत जाऊन तू रविवारी फोन करतेस, तेवढंच माझं घर उरलंय. परवा तब्येत विचारली तर तूही म्हणालीस, "बरं हाय." 'बरं' म्हटल्यावर तू जरा थांबलीस, मग 'हाय' म्हणालीस.

मी रजा टाकली आहे. गुरुवारी पोचते.