सगळ्या मेरीच

व्हॅनचं दार सरकवलं तर आकिनी मागच्या सीटवर पोट धरून दुमडलेली. ओठ राखेसारखे. बाकीच्या बायका ईसा टाउनच्या शाळेत सफाईला उतरून गेल्या, हिला उठताच येईना.

मी इथे बहारीनमध्ये सफाई कंपनीचा ड्रायव्हर. तुबलीच्या कॅम्पमधून, म्हणजे कंपनीने दिलेल्या खोल्यांतून, बायकांना उचलायचं, ड्यूटीवर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरकी मला कळत नाही, पण माणूस मरायला टेकलंय ते कळतं.

सुपरवायझर सावंतला फोन लावला. कुडाळचा पोरगा, ग्रॅज्युएट.

"सावंत, आकिनीला दवाखान्यात न्यायला लागेल."

"कोण आकिनी?"

"केनियाची. उंच. तुमची मेरी."

आफ्रिकेतून आलेल्या सगळ्या बायकांना आमचं ऑफिस मेरी म्हणतं. त्यांची नावं जिभेवर बसत नाहीत म्हणे. त्याच जिभेला तिरुअनंतपुरम बरोब्बर जमतं.

"परत मेरी? काका, परवा डोकं, काल पाय, आज पोट. रोजचं नाटक आहे तिचं."

"अरे, परवाची वेगळी होती. कालची वेगळी. ही आज पहिल्यांदा बोलली."

"सगळ्या मेरीच ना!"

तिघींची दुखणी ह्याने एकीच्या खात्यात टाकली आणि वर तिलाच खोटारडी ठरवली.

"गेल्या महिन्यात फिलिपिनो मुलीला नुसता ताप आला, तर तू स्वतः घेऊन गेलास."

"त्या नाजूक असतात हो. ह्या दणकट. पाणी पाजा, तासाभरात उठेल."

फोन ठेवला आणि कंपनीच्या ठरलेल्या क्लिनिकला गाडी घातली. काउंटरवरच्या बाईने आकिनीकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "प्रेग्नंट है क्या? शादीशुदा है?" हॉल भरलेला. सगळ्यांच्या माना वळल्या.

आकिनीचं इंग्लिश फाडफाड. ती म्हणाली, "मॅडम, पोट माझं आहे. मला विचारा."

"देखा? कितना अ‍ॅटिट्यूड!"

डॉक्टरने पोटाला हातही लावला नाही. पॅनाडॉल, म्हणजे तापाची गोळी, लिहिली. खलास.

व्हॅनमध्ये ती दात आवळून बसली. मी म्हटलं, "रो लो बेटी, इधर कोई नहीं." हिंदी तिला कामापुरती येते. ती म्हणाली, "बाबा, रडले तर ड्रामा म्हणतात. नाही रडले तर दुखत नाही म्हणतात."

माझी बायको सुमन मागच्या वर्षी गावी वारली. कंबर दुखते म्हणायची. डॉक्टर म्हणायचा, बायकांचं वयच तसं. आत गाठ होती. तेराव्याला सगळे म्हणाले, बाई मोठी सोशिक. जसं काही सोसायची तिला हौसच होती.

गाडी वळवली ती थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला. वाटेत सावंतचा फोन.

"काका, दुसरी ट्रिप कोण करणार? वॉर्निंग लेटर मिळेल हां!"

"दे. इंग्लिशमध्ये दे म्हणजे वाचायला नको."

तिथे बहारिनी डॉक्टरीण होती. तिने आधी नाव विचारलं, मग पोट दाबलं आणि माझ्यावरच डाफरली, "इतका उशीर का केलात?" अपेंडिक्स फुटलं होतं. लगेच आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. दुसरी ट्रिप कोणी केली ते अजून मला ठाऊक नाही.

वाचली.

शुद्धीवर येऊन जरा बसायला लागली तेव्हा सावंत संत्री घेऊन आला.

"काका, मानलं हिला! दुसरी कोणी असती तर खपली असती. मी म्हटलं नव्हतं, दणकट असतात?"

आकिनीने मला विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि इंग्लिशमध्ये सावकाश म्हणाली, "सर, मी मरत होते."

सावंत माझ्याकडे वळला. "तेच तर म्हणतोय मी, काका!"

संत्र्यांची पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि त्याला लिफ्टपर्यंत सोडून आलो.

ह्यातून मी एवढंच शिकलो. बाई दुखतंय म्हणाली की गाडी आधी हॉस्पिटलला घ्यायची. ऑफिसला फोन तिथे पोचल्यावर करायचा.